अकरावा फोटो

१

कॅमेरा जागेवर होता. पट्टा होता. पाठीवर चिकटवलेली चिठ्ठीसुद्धा होती. नव्हतं ते फक्त आतलं कार्ड, आणि ज्याच्यासाठी सहा माणसं त्या टीचभर खोलीत एकमेकांच्या पायावर पाय देत उभी होती, ते सगळं त्या कार्डातच होतं.

"असं कसं होईल?" पंपावरचे नाना म्हणाले. त्यांनी कॅमेरा उलटा केला, हलवला, खालचं झाकण उघडून पुन्हा बोट घालून बघितलं. "मी स्वतः काढलेत फोटो. अकरा वेळा बटण दाबलं. मोजून."

"नाना, कार्ड मुळात आत होतं ना?" मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं राहिलं तर त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. नानांचं तोंड उघडंच राहिलं.

आता एका कार्डापायी एवढं काय आभाळ कोसळलं, असं कुणाला वाटेल. तर ऐका.

धरणाच्या भिंतीच्या टोकाला पक्षीनिरीक्षण मंडळाची ही खोली. एक खिडकी, एक बाक, एक कपाट, आणि कपाटात मंडळाची नोंदवही. पानगळ सुरू झाली की उत्तरेकडून बदकं उतरायला लागतात आणि रोज सकाळी कुणाला काय दिसलं ते वहीत चढतं. साधा पक्षी असेल तर तोंडचा शब्द पुरतो. दुर्मिळ असेल तर मात्र नियम कडक. फोटो दाखवा, नाहीतर दुसरा साक्षीदार आणा. दोन्ही नसेल तर वहीच्या मागच्या पानावर 'पुराव्याअभावी' अशी एक ओळ, आणि विषय संपला.

नाना एकतीस वर्षं ह्या धरणावर पंप चालवत होते. त्यांना उजाडता उजाडता यावं लागे. त्यामुळे पाण्यावर जे काही नवल उतरे ते आधी त्यांना दिसे, आणि बाकीचे जांभया देत पोचेपर्यंत ते उडून जाई. मागच्या पानावर नानांच्या तेवीस ओळी झाल्या होत्या. पुढच्या पानांवर एकही नाही. येत्या रविवारी ते निवृत्त होणार होते, आणि जाण्याआधी एकदा, एकदाच, पुढच्या पानावर आपलं नाव यावं एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी मंडळाचा कॅमेरा आठवडाभर मागून घेतला होता.

आणि आज सकाळी देव पावला. पश्चिमेच्या काठावर लाल छातीचा कलहंस! काळ्यापांढऱ्या अंगावर विटकरी छाती, गालावर विटकरी ठिपका. पुस्तकातल्या चित्रापलीकडे मंडळातल्या कुणीही तो पाहिलेला नव्हता. नानांनी फोटो काढले, धापा टाकत खोलीत आले, कॅमेरा खुंटीला अडकवला, सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि सात वाजता झडप उघडायची म्हणून पंपाकडे पळाले. बाकीचे काठाकडे पळाले. कलहंस उडून गेला होता. तासभर सगळ्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी गवत पालथं घातलं आणि सव्वाआठला खोलीत जमून कॅमेरा उघडला, तर हे असं.

"म्हणजे पुन्हा मागचंच पान," नाना म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले आणि बाकावर बसले.

चष्मेकाकूंना ते हसणं सहन झालं नाही. काकूंचं चष्म्याचं दुकान होतं, मंडळाच्या सगळ्या दुर्बिणी त्याच दुरुस्त करत, आणि ह्या खोलीतल्या प्रत्येकाच्या नाकावरचा चष्मा त्यांच्याच हातचा होता. "नाना," त्या म्हणाल्या, "दुपारच्या आत तुमचं कार्ड आणून देते."

"अगं वहिनी, शब्द द्यायच्या आधी विचार तरी कर," त्यांच्या मोठ्या नणंदबाई कुजबुजल्या. वन्संना पक्ष्यांतला फक्त कावळा ओळखता येई. त्या येत त्या थर्मासमधल्या चहासाठी आणि गप्पांसाठी. आज तासभर त्यांचा एक पाय चिखलात रुतला होता आणि काकू तो ओढत होत्या, त्यामुळे दोघी एकमेकींच्या साक्षीदार होत्या. संशयाला उरले तिघं.

काकूंनी कॅमेरा उचलला. वरचा दिवा जळत होता. "नाना, तुम्ही हा चालूच ठेवलात?"

"मी?" नाना दुखावले. "जन्म पंपावर गेला माझा. काम झालं की बटण बंद, हे हाताला सांगावं लागत नाही."

काकूंनी डोळा लावला. आत सगळं धुकं. डोळ्याशेजारी एक बारीक चाक असतं. ज्याचा जसा नंबर तसं ते फिरवायचं, म्हणजे चष्मा काढूनही स्पष्ट दिसतं. नानांचा नंबर अधिक दोन. काल संध्याकाळी काकूंनी स्वतः ते चाक त्यांच्यासाठी अधिकाच्या टोकाला लावून दिलं होतं. आता ते फिरून पार उण्याच्या टोकाला गेलं होतं.

"वन्सं," काकू हळूच म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी डोळा लावलाय. आणि इथला एकही डोळा मला अनोळखी नाही."

२

पहिला नंबर डॉक्टरांचा लागला. कारण त्यांची मिशी.

झालं होतं असं की गेल्या वर्षीच्या सभेत नाना तेविसाव्यांदा पुराव्याअभावी मागच्या पानावर गेले, तेव्हा डॉक्टरांनी भर सभेत हात वर करून सांगितलं होतं, "नानांची एक जरी दुर्मिळ नोंद पुढच्या पानावर आली, तरी ही मिशी उतरवीन." मिशी चांगली पिळदार होती, चाळीस वर्षं जोपासलेली. तिला ते सकाळी वेगळा कंगवा वापरत असं त्यांची बायको सांगे.

डॉक्टर भिंतीजवळ लावलेल्या आपल्या गाडीत बसले होते. काकू आणि वन्सं दोन बाजूंच्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही काठावर होता म्हणता," काकू म्हणाल्या, "पण तुमचे बूट कोरडे आहेत."

डॉक्टरांनी बुटांकडे बघितलं. मग वन्संच्या गुडघ्यापर्यंत माखलेल्या पायाकडे बघितलं. मग सगळं मान्य केलं. "मी गाडीतच होतो. पाऊण तास."

"करत काय होता?"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "आरशात बघत होतो. मिशीवर बोट आडवं धरून. म्हटलं, उतरवावीच लागली तर कसा दिसेन."

"कसे दिसता?" वन्संनी कळवळून विचारलं.

"माझ्या धाकट्या मेव्हण्यासारखा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं.

वन्संना हसू आवरेना. काकूंनी गंभीरपणे कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "जरा बघा हो ह्यातून, मला काही धड दिसत नाही."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. त्यांनी भिंतीवरच्या खांबाकडे रोखून बघितलं. "धुकं पडलंय का?" ते म्हणाले. "मघाशी तर लख्ख ऊन होतं."

त्यांचा नंबर अधिक दीड. उण्याच्या टोकाला त्यांना धुकंच दिसणार. हे नाटक असतं तर ते ऊन-धुक्याच्या भानगडीत पडले नसते. काकूंनी कॅमेरा परत घेतला.

"काकू," डॉक्टर खिडकीतून ओरडले, "कार्ड शोधा बरं का! मघाशी नानांना नको ते बोललो मी. मिशी काय, पुन्हा येईल. वेळ लागेल, पण येईल."

"हा नव्हे," चालता चालता काकू म्हणाल्या. "आपल्याला उण्याचा माणूस पाहिजे. चांगला उणे तीन-चारचा."

वन्सं जागच्या जागी थांबल्या. "अगं, मग तोफखाने! बाटलीच्या बुडासारखी काच आहे त्यांची!"

३

तोफखाने हे काही आडनाव नव्हे. हातभर लांबीची, पांढरी, तिवईवर चढवलेली लेन्स घेऊन हा गृहस्थ धरणावर आला तेव्हा कुणीतरी "आला तोफखाना" म्हणालं आणि तेच चिकटलं. व्यवसायानं तो नकाशे काढणारा, पण जीव सगळा फोटोत. मंडळाच्या यंदाच्या दिनदर्शिकेच्या मुखपृष्ठावर त्याच्या खंड्याचा फोटो जाणार होता. नानांचा कलहंस सापडला असता तर खंड्याची रवानगी आतल्या पानावर, बहुधा फेब्रुवारीत.

तोफखाने पाण्याच्या कडेला उकिडवा बसून टिबुकलीच्या बुड्या टिपत होता. वन्संनी प्रस्तावना वगैरे केली नाही. "कार्ड काढा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उगाच साळसूद चेहरा करू नका. कॅमेऱ्याचं चाक उण्याच्या टोकाला आहे. तुमचा नंबर उणे तीन. खोलीत तुम्ही मधेच परत गेला होता, मी चिखलातून पाहिलंय."

"बॅटरी आणायला गेलो होतो!" तोफखाने उसळून उभा राहिला. टिबुकली बुडाली ती वर आलीच नाही. "आणि वन्सं, मी चोरी केली असती तर अशी गाढवासारखी केली असती होय? नानांचे फोटो पुसून टाकले असते, कार्ड आत तसंच ठेवलं असतं. सगळे म्हणाले असते, नानांना काढताच आले नाहीत. कुणाला संशयसुद्धा आला नसता! आणि कॅमेरा बंद करून ठेवला असता. यंत्र चालू टाकून जाणारा माणूस मी नाही."

हे बोलणं बिनतोड होतं, पण काकूंचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच. त्या त्याच्या गालाकडे बघत होत्या. आधी समोरून, मग बाजूला सरकून तिरप्या.

"अशा काय बघताय?" तोफखाने चपापला.

"उण्याच्या जाड काचेतून बघितलं," काकू सावकाश म्हणाल्या, "की गालाची कड आत सरकल्यासारखी दिसते. वीस वर्षं बघतेय मी तुमचा गाल. आज तो सरळ आहे." त्यांनी हात पुढे केला. "चष्मा द्या."

तोफखानेनं चष्मा दिला. काकूंनी तो डोळ्यापुढे धरून झाडाकडे बघितलं. झाड होतं तेवढंच दिसलं. लहान नाही, मोठं नाही.

"साधी काच!" काकू कडाडल्या. "लेन्स घातल्यात डोळ्यांत! कुठून घेतल्यात?"

आता मात्र तोफखानेच्या तोंडचं पाणी पळालं. "गेल्या महिन्यात... पलीकडच्या चौकातून."

"त्या नव्या दुकानातून? आणि माझ्यापासून लपवायला म्हणून जुन्या फ्रेमला साधी काच?"

"तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही तासभर डोळ्यांच्या निगेवर प्रवचन दिलं असतंत, काकू! तुमच्याशी खोटं वागतोय म्हणून महिनाभर झोप नाही मला. चोरी म्हणाल तर एवढी एकच केलीये."

काकूंना राग आला होता आणि हसूही येत होतं. शेवटी हसूच जिंकलं. डोळ्यांत लेन्स आहे म्हणजे ह्याच्यासाठी चाक मधोमध लागणार. हाही नव्हे. "रात्री काढून ठेवता ना त्या?" त्यांनी दरडावून विचारलंच.

"साप म्हणून भुई धोपटली आपण," वन्सं हिरमुसून म्हणाल्या. "आता कोण उरलं?"

काकूंनी कॅमेरा उलटा केला आणि पाठीवरची चिठ्ठी वाचली. चिठ्ठी त्यांनीच नानांना लिहून दिली होती.

'१. वरचं बटण सरकवा, चालू होईल. २. पक्ष्यावर रोखा, मोठं बटण दाबा. ३. फोटो बघायला हिरवा त्रिकोण दाबा. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, डोळा लावून आत बघा. ४. धूसर दिसलं तर डोळ्याशेजारचं चाक फिरवा (नाना, तुम्ही फिरवू नका, मी लावून दिलंय). ५. कार्ड खालच्या झाकणात असतं, दाबलं की बाहेर येतं.'

"वन्सं," काकू म्हणाल्या, "चोरानं कॅमेरा चालू केला. हिरवा त्रिकोण दाबला. डोळा लावला. चाक फिरवलं. कार्ड काढलं. सगळं ओळीनं, चिठ्ठीबरहुकूम. बंद मात्र केला नाही."

"का बरं?"

"कारण बंद कसा करायचा ते लिहायला मी विसरले. म्हणजे ज्याला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळायची सवय आहे, असा माणूस. नंबर उणे चार." त्यांनी सुस्कारा टाकला. "ह्या धरणावर असा एकच माणूस आहे, आणि ते नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही."

४

ग्रंथपाल बाई खोलीत एकट्याच बसून वहीत आजचं हवामान लिहीत होत्या. शहराच्या वाचनालयात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईंनी मंडळाची वही वीस वर्षं सांभाळली होती. कॅमेऱ्याला त्या 'तो डबा' म्हणत आणि हात लावत नसत. चुकीची नोंद त्यांच्या हातून कधी झाली नव्हती, आणि खोटी तर स्वप्नातही नाही.

काकू त्यांच्यासमोर बसल्या. वन्संनी आपणहून थर्मास उघडून चहा ओतला. अशा वेळी काय करायचं ते वन्संना बरोबर कळे.

"बाई, तुमच्या हातून कागदाचा कपटासुद्धा फाडला जात नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे कार्ड शाबूत असणार. आणि तुम्ही ठेवलं असणार म्हणजे ते नीट लावूनच ठेवलेलं असणार. कुठल्या खणात?"

बाईंनी लेखणीला टोपण घातलं. साखळीला अडकवलेला चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग कपाटाचा खालचा खण उघडून एक पाकीट पुढे केलं. त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: आजची तारीख, वेळ सात वाजून दहा मिनिटं, लाल छातीचा कलहंस, छायाचित्र नानांचं. आणि खाली: 'मूळ जागेवरून हलवलं — ग्रंथपाल.'

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या, "चोरीचीसुद्धा नोंद केलीत?"

"नोंद केली नसती तर ती चोरी झाली असती," बाई म्हणाल्या. आणि मग एवढ्या ताठ बाई एकदम रडायलाच लागल्या.

काकूंनी त्यांचा हात धरला. "का हो केलंत?"

"सगळे काठाकडे गेले. मी विचार केला, आपण आधी फोटो बघावा आणि नानांच्या नावानं वहीत ओळ आखून ठेवावी. नाना आले की त्यांना दाखवायची. वीस वर्षं मी त्यांना मागच्या पानावर टाकतेय, मला काय बरं वाटतं का? डोळा लावला. फोटो सुरेख आहे, काकू. आणि त्याच्या पायात कडी आहे."

पायात कडी म्हणजे काय, हे इथं वन्संनाही ठाऊक होतं. हौशी लोक तळ्यात शोभेचे हंस पाळतात आणि त्यांच्या पायात धातूची कडी घालतात. असा एखादा सुटतो, कुठंतरी उतरतो आणि बघणारा खुळा हुरळून जातो. असल्या पक्ष्याची नोंद होत नाही. उलट हसं होतं.

"फोटो नसेल तर नाना 'पुराव्याअभावी' राहतात," बाई म्हणाल्या. "त्यात अपमान नाही. फोटो असेल तर मला लिहावं लागतं, 'पाळीव हंस, निरीक्षकाची चूक.' एकतीस वर्षांनंतर, निरोपाच्या आठवड्यात, माझ्या हातानं. नाही लिहवलं मला. आणि खोटं लिहिता येत नाही. मग मी कार्डच काढून ठेवलं."

चहा तसाच राहिला.

"दाखवा मला," मागून आवाज आला.

दारात नाना उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

५

"बाई, मला विचारायचं होतंत," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "खोटा ठरलो असतो तर ठरलो असतो. मागच्या पानाची सवय आहे मला. पण माझ्या पक्ष्याचा निकाल माझ्यामागं लावलात, ह्याचं वाईट वाटलं."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "साफ चुकलं."

"बरं, आता रडू नका. तुम्ही रडलात तर माझा धीर सुटेल. बघू तरी कसा आलाय."

वन्संनी दारातून बाकीच्या दोघांना हाक मारली. तोफखानेनं आपला लॅपटॉप बाकावर मांडला. डॉक्टर मिशीला हात लावून मागे उभे राहिले. कार्ड आत गेलं आणि पडद्यावर कलहंस उभा राहिला. सकाळचं तिरपं ऊन, विटकरी छाती, मागं निळं पाणी. पक्षी एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला. आणि त्या एका पायात, बाई म्हणाल्या तशीच, चकाकणारी धातूची कडी.

"आहे खरी," नाना म्हणाले. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण हा तर शेवटचा. दमून उभा राहिला होता तेव्हाचा. आधीचे दहा कुठं गेले?"

"आधीचे?" बाई म्हणाल्या. "मी हिरवा त्रिकोण दाबला, हाच दिसला."

"शेवटचा फोटोच आधी दिसतो, बाई," तोफखाने म्हणाला. "मागचे बघायला डावा बाण दाबायचा असतो."

"चिठ्ठीत बाण नव्हता," बाई म्हणाल्या.

काकूंनी कपाळावर हात मारला. "नव्हता! तोही मीच विसरले!"

तोफखानेनं बाण दाबला. दहावा, एका पायावर. नववा, एका पायावर. आठव्यात मान वळवलेली. सातव्यात पंख झटकतोय, सगळं हललेलं. सहाव्यात कलहंस चालत होता, ओल्या गवतातून ऐटीत पाऊल टाकत, आणि पोटात लपवलेला दुसरा पाय उघडा पडला होता. त्या पायातही एक कडी होती. रुंद, पिवळी, आणि तिच्यावर काळं काहीतरी.

"मोठं कर, मोठं कर!" डॉक्टर ओरडले.

पिवळ्या कडीवर तीन ठसठशीत अक्षरं होती, खालून वर वाचायची. बाईंनीच चष्मा नीट बसवला आणि ती अक्षरं वाचली. पुढचं सांगायला त्यांच्याइतकं जाणतं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"हौसेनं पाळणारे साधी कडी घालतात, एकाच पायात. लांबून दुर्बिणीतून वाचता येतील अशी अक्षरं फक्त अभ्यासक घालतात, रानातल्या पक्ष्यांना, सोडून देण्याआधी. कुठंही दिसला तरी ओळख पटावी म्हणून. नाना, हा पाळीव नाही. हा थेट उत्तरेच्या बर्फातून आलाय. ह्याची नोंद आहे कुठंतरी." त्या मटकन बाकावर बसल्या. "आणि मी कसली ग्रंथपाल! शेवटचं पान वाचून पुस्तक परत केलं."

नाना उभे होते तसेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. वन्संनी त्यांच्या हातात चहाचा कप कोंबला, तेव्हा ते हसायला लागले, आणि हसता हसता अर्धा चहा त्यांनी डॉक्टरांच्या कोरड्या बुटांवर सांडला. डॉक्टरांनी त्यांना मिठीच मारली. तोफखाने म्हणाला, "गेलो मी फेब्रुवारीत," आणि तोही हसत होता. काकूंनी कार्ड काढून नानांच्या तळहातावर ठेवलं. अजून अकराही वाजले नव्हते.

त्याच दुपारी बाईंनी ती तीन अक्षरं, तारीख, जागा आणि सहावा फोटो, असं सगळं कड्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राला पाठवून दिलं.

६

निरोपाच्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नानांची बायको, दोन्ही लेकी, जावई, नातवंडं, पंपावरचे सगळे जण, आणि एक अनोळखी गृहस्थ, जे सगळ्यांशी फार सलगीनं बोलत होते. ते डॉक्टर आहेत हे लोकांना बऱ्याच वेळानं कळलं. त्यांची बायको मात्र आज भलतीच खुशीत होती.

बाईंनी वही उघडली. पुढचं पान. तारीख, वेळ, लाल छातीचा कलहंस, संख्या एक, मंडळाची पहिली नोंद, आणि निरीक्षक म्हणून नानांचं नाव. शाई वाळेपर्यंत नानांनी पान मिटू दिलं नाही. त्यांच्या बायकोनं ते नाव दोनदा वाचलं आणि ती म्हणाली, "एकतीस वर्षं पहाटे उठून मला उठवलंत, ते ह्याच्यासाठी होय? मग माफ केलं." सगळी खोली हसली.

"अजून एक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढला. "पत्राचं उत्तर आलंय. ज्यांनी कडी घातली त्यांचंच. उत्तरेकडच्या एक म्हाताऱ्या संशोधक बाई आहेत."

बाई वाचू लागल्या. संशोधक बाईंनी लिहिलं होतं की चार उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी एका घरट्यातल्या सहा पिल्लांना कड्या घातल्या. हे त्यातलं सगळ्यात लहान, अशक्त पिल्लू. बाकीची पाच पुढं कुणाला ना कुणाला दिसली. हे मात्र त्या दिवसानंतर कुणालाच दिसलं नाही. 'मी त्याची आशा सोडली होती. तुमचा फोटो बघून मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. ज्यांनी तो काढला त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर विचारून कळवा. तो बरा होता का? खात होता का? एकटा होता का?'

बाईंनी कागद खाली ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला. "काय लिहू, नाना?"

नानांनी घसा साफ केला. एवढ्या माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती, पण हे त्यांना विचारण्याआधीच पाठ होतं.

"लिहा, बरा होता. चांगला गुबगुबीत. दोन्ही पंख शाबूत, चालताना लंगडत नव्हता. लिहा, मी पहिला फोटो काढायच्या आधी चाळीस मिनिटं नुसता बघत बसलो होतो, तेवढा वेळ तो पोटभर गवत खात होता. आधी पाण्याकडचं, मग वरचं." ते थांबले. "शेवटचं काय विचारलंय त्यांनी?"

"एकटा होता का."

"नाही म्हणून लिहा," नाना म्हणाले. "मी होतो ना."